ड्युटी संपल्यावर संशोधन?

"मॅडम, वय ३३. स्त्रीरोगात एम. एस. होऊन पाच वर्षं झाली. राहते फोंड्याला, नोकरी एका सरकारी इस्पितळात. ओपीडीत अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन त्याच त्या बायका पुन्हा पुन्हा येतात. आम्ही हिरवं किट देतो, त्या गोळ्या घेतात, दोन महिन्यांनी परत हजर. यांचं पुढे काय होतं ते कुणीतरी नीट बघायला हवं असं वाटतं, आणि ते आपणच बघावं असंही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, 'कर की, कोण नको म्हणतंय? ड्युटी संपल्यावर कर.' अमेरिकेत स्त्रीरोगतज्ज्ञांना गुरूच्या हाताखाली संशोधक म्हणून घडवणारा पगारी कार्यक्रम आहे असं वाचलं. मला तिथे जाता येईल का? इथे गुरू कुठे शोधू? की सगळं सोडून दिरांच्या नर्सिंग होममध्ये बसू? ते दोन वर्षं मागे लागलेत. संशोधनात पडले तर ऑपरेशनचा हात जाईल ही एक भीती. मुलगी चार वर्षांची आहे, सासूबाई दुसऱ्याचं विचारतात."

प्रश्न पुष्कळ आहेत, पण मी आधी तुझ्या साहेबांच्या वाक्याला धरते. (तू माझ्या धाकटीच्या वयाची, म्हणून सरळ 'तू' म्हणते.)

"ड्युटी संपल्यावर कर" हे मीही ऐकलंय, १९८६ साली. तेव्हा मी एक्लाम्प्सियाच्या, म्हणजे गरोदरपणी झटके आलेल्या बायकांची नोंद ठेवत होते. लांबलचक रजिस्टर, पट्टीनं मीच आखलेले रकाने. रात्रीची दोन सिझेरियन आटोपल्यावर रकाने भरायचं त्राण कुणाला असतं? मग मी रविवारी बसून भरायची, आठवेल तसं. आठवून भरलेला रक्तदाब कसा असतो ते तुला सांगायला नको. सगळ्यांचाच १६०/११०. तिसऱ्या पावसाळ्यात जिन्याखालच्या खोलीत रजिस्टरला बुरशी धरली आणि पानं एकमेकांना चिकटली. वाचलं तेवढ्यावर एक निबंध झाला, तो एका परिषदेत दुसऱ्याच कुणी वाचला. माझं नाव शेवटून दुसरं. माणसाचं नाव सांगत नाही, इस्पितळाचंही नाही, आता त्यात काही राहिलेलं नाही. मी म्हापशाच्या बाजूला दवाखाना थाटला आणि तीस वर्षं बाळंतपणं केली. त्याचं दुःख नाही. त्या १६०/११० ची मात्र अजून लाज वाटते.

तेव्हा साहेबांना दुष्ट समजू नकोस. त्यांनी तुला नाही म्हटलं नाही. त्यांनी तुला वेळ दिला नाही, एवढंच. आणि तू अमेरिकेतल्या ज्या कार्यक्रमाबद्दल वाचलंस तो मुळात या वेळेवरच उभा आहे.

'विमेन्स रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ रिसर्च' असं त्याचं नाव. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी बालआरोग्य आणि मानवी विकास पाहणारी जी संस्था आहे, तिनं तो १९९८ मध्ये सुरू केला. पैसे एकट्यादुकट्या डॉक्टरला मिळत नाहीत. ते विद्यापीठाच्या स्त्रीरोग विभागाला मिळतात, आणि विभाग आपल्याकडचे नुकतेच तज्ज्ञ झालेले डॉक्टर निवडतो. निवडलेल्या डॉक्टरचा साधारण ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखलेला असतो. उरलेल्या पाव वेळात ती रुग्ण बघते, ऑपरेशन करते. डोक्यावर एक अनुभवी संशोधक असतो, आणि तिची प्रगती ठरावीक काळानं तपासायला एक समितीही. हे असं काही वर्षं, म्हणजे पुढे तिला स्वतःच्या नावावर अनुदान मागता येईल इतपत. अशी योजना नेमकी स्त्रीरोगतज्ज्ञांसाठीच का काढावी लागली, हे तुझा ड्युटी चार्ट बघितला की कळेल. लेबर रूम वेळ बघून कुणाला बोलावत नाही. ज्या शाखेत रात्री झोप नाही, त्या शाखेत सकाळी प्रयोगशाळेत कोण जाणार?

तुला तिथे जाता येईल का? नाही. या प्रकारच्या अनुदानावर नेमणूक व्हायला तिथलं नागरिकत्व किंवा कायम रहिवासाचा परवाना लागतो. आपल्यासारख्या देशांतल्या तरुण प्राध्यापक-डॉक्टरांसाठी त्यांच्याच फोगार्टी केंद्राची वेगळी योजना आहे, पण २०२५ पासून परदेशी जाणाऱ्या पैशांचे त्यांचे नियम बदलताहेत. चालू जाहिरात डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या आशेवर बेत आखू नकोस. त्या कार्यक्रमाची घडी मात्र आपल्याला इथे उचलता येते, आणि मी तुला तेच करायला सांगणार आहे.

आता तुझा प्रश्न. इथे जरा बसून बोलू.

तू लिहितेस, यांचं पुढे काय होतं ते कुणीतरी बघायला हवं. अगं, बघितलंय! तुझ्या घरापासून तासाभरावर, बार्देशात, हळदोण्याला. २००१ ते २००३ या काळात 'स्त्री आरोग्य शोध' नावाचा अभ्यास तिथल्या आरोग्य केंद्राच्या परिसरात झाला. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या संस्थेतले त्यांचे सहकारी घरोघर गेले. २,४९४ बायका त्यात सहभागी झाल्या. त्यांच्या मुलाखती झाल्या आणि संसर्गाच्या तपासण्याही. चारांतल्या एकीहून थोड्या जास्त जणींना जननमार्गाचा काही ना काही संसर्ग निघाला, पण लैंगिक संबंधातून लागणारे त्यातले थोडेच. आणि तुझ्या ओपीडीचं कोडं उलगडणारी गोष्ट ही, की पांढरं जाण्याची तक्रार आणि तपासणीत सापडलेला संसर्ग यांची गाठ फारशी घट्ट नव्हती. तक्रारीची गाठ जास्त घट्ट होती ती मनाच्या त्रासाशी, उदासी-काळजीशी, घरच्या जाचाशी.

म्हणजे एखादी बाई दारात वळून, जायच्या बेतात, हळूच म्हणते ना, "डॉक्टर, धवें वता, अशक्तपण आयलां" (पांढरं जातं, अशक्तपणा आलाय), ती कदाचित तुला जंतूंबद्दल सांगतच नसते. तुझ्याकडे मात्र द्यायला हिरवं किट असतं. सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, घे आणि जा. दोन महिन्यांनी ती परत येते यात नवल ते काय?

मग तुझा प्रश्न संपला का? अर्धा संपला. आधी काय झालंय ते न वाचता संशोधनाला बसलं की माणूस दुसऱ्याची विहीर पुन्हा खणत बसतो. उरलेला अर्धा मात्र खरोखर तुझा आहे. हळदोण्याचा अभ्यास वस्तीतला, तुझी बाई ओपीडीतली. तिथे मुलाखतीला निवांत वेळ होता, तुझ्याकडे पाच मिनिटं, बाहेर बाकावर चाळीसजणी, आणि निम्म्या वेळा सासू पाठोपाठ आत येते. एवढ्यात स्त्रीरोगतज्ज्ञानं काय करावं, म्हणजे ती तिसऱ्यांदा किट घ्यायला येणार नाही? या प्रश्नाचा धागा धरलास तर पाच वर्षं पुरेल.

पण लगेच प्रयोगाला हात घालू नकोस. आधी मोज. 'त्याच त्या बायका पुन्हा पुन्हा येतात' असं तू म्हणतेस, पण केसपेपर दरवेळी नवा निघत असेल तर ती तिसऱ्यांदा आली हे तुला कळतं कशावरून? चेहऱ्यावरून. चेहरा लक्षात राहणं हा पुरावा होत नाही. तेव्हा पहिले तीन महिने फक्त हेच: कोण, कितव्यांदा, गेल्या वेळी काय दिलं होतं. मग किट देण्याआधी टेबलावरच होणाऱ्या साध्या चाचण्या. स्रावाचा पीएच ४.५ च्या वर आहे का बघायची पट्टी, काचेवर पोटॅशचा एक थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली एक नजर. एम. एस.च्या तोंडी परीक्षेत सगळ्या धडाधड सांगतात. पोटॅश टाकल्यावर बाजारातल्या मासळीसारखा वास कसा सुटतो तेही सांगतात. नंतर पाच वर्षांत किती जणी तो थेंब टाकतात, हे तूच मला कळव. माझ्या दवाखान्यातली पोटॅशची बाटली आटून तळाला पांढरी खपली धरलेली होती, म्हणून विचारते.

आणि मनाचे प्रश्न विचारायचे ठरवलेस, तर उत्तर 'हो' आल्यावर तिला कुठे पाठवायचं ते आधी ठरव. विचारून मोकळं व्हायचं आणि तिला तशीच बसच्या रांगेत सोडायचं, हे संशोधनात चालत नाही आणि ओपीडीतही चालू नये. आपल्या गोव्यात ही सोय अगदीच नाही असं नाही. इथल्याच सरकारी आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी उदासी आणि चिंतेवर उपचार करावेत, असा मोठा प्रयोग झाला होता. 'मानस' त्याचं नाव, निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले, आणि सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला. हे वाच. मग म्हापशाच्या आझिलो इस्पितळातल्या मातांवरचा २००२ चा निबंध वाच. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी त्यातल्या २३ टक्के आया उदासीच्या आजारात होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. मुलगा झाला की मुलगी, याचाही त्यात वाटा होता. हे सगळं साता समुद्रापार घडलेलं नाही. म्हापशाच्या बाजारातून चालत जाता येईल अशा ठिकाणचं आहे.

आता गुरू.

आपल्याकडे गुरू म्हटलं की गंडा बांधून घ्यायचा आणि मागे बसून वर्षानुवर्षं तंबोरा धरायचा, ही कल्पना रक्तात भिनलेली. गोव्यात तर जास्तच. गाण्यात ते शोभतं. संशोधनातला गुरू शोधताना एकच बघ: त्याचे शेवटचे चार-पाच शिष्य आज काय करतात? त्यांच्या निबंधांवर पहिलं नाव शिष्याचं आहे की गुरूचं? शिष्यांपैकी कुणी स्वतःच्या बळावर अनुदान आणलंय का? शिष्य तंबोऱ्यावरच असतील तर मोठ्या नावाच्या मोहात पडू नकोस. आणि दोन ईमेलना तीन आठवड्यांत उत्तर न देणारा माणूस तुझा मसुदाही वाचणार नाही, हे धरून चाल.

तुला एका गुरूवर भागणार नाही, तीन लागतील. विषयाचा एक. पद्धतीचा एक, म्हणजे नमुना किती, आकडे कसे, कुठे फसवणूक होते हे सांगणारा. तो बहुधा पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागात किंवा संख्याशास्त्रात सापडेल, आणि तुझ्याहून वयानं लहानही असू शकेल, तिथे मान मध्ये आणू नकोस. तिसरा खुर्चीतला. त्याला तुझ्या विषयातलं काही कळलं नाही तरी चालेल, ड्युटी चार्टवर सही करण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा. हा तिसरा नसल्यामुळे बुडालेली संशोधनं मी जास्त पाहिली आहेत.

तुझ्या बाबतीत ठिकाणं आपोआप सुचतात. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, रस्त्यापलीकडे आयपीएचबी, म्हणजे मनोविकारांचं सरकारी इस्पितळ. तुझा प्रश्न स्त्रीरोग आणि मनोविकार यांच्या मधला, आणि या दोन संस्था हाकेच्या अंतरावर. शिवाय संगाथ. पणजीत १८४२ मध्ये एस्कोला मेदिका, म्हणजे पोर्तुगीजांची वैद्यकशाळा निघाली तेव्हा मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेजही निघायचं होतं, असं आम्ही अभिमानानं सांगतो. ठीक आहे, सांगू. पण तुझ्यासारखीला नुसतं डॉक्टर बनवून भागत नाही, पुढची पाच वर्षं कुणीतरी धरून ठेवावं लागतं. मुंबईत परळला प्रजनन आणि बालआरोग्याची आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे, तिथे जाऊन ये.

आणि चोर्ला घाट चढून बेळगावला जाऊन ये. हे मी मुद्दाम सांगते. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांशी जोडी जमवून खेड्यातल्या बाळंतपणांवर वर्षानुवर्षं काम केलंय. पूर्वी बाळंतपणात रक्त किती गेलं हे आपण कसं ठरवायचो? मॉप किती भिजले, चादर किती लाल झाली, अंदाज. त्यांनी बाळंतिणीच्या खाली ठेवायची, निमुळती होत जाणारी, मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली. तेव्हा दिसलं की डोळ्यांचा अंदाज खऱ्या मापापेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी येतो. मोजण्याचं साधन हाती आल्यावर पुढचं: गावातल्या परिचारिकेनं बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर काय होतं? १,६२० बायकांचा तो अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर उतरला. आणि मापाची पिशवी तिथेच थांबली नाही. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखांवर बाळंतपणांचा जो अभ्यास गाजला, त्यात रक्तस्राव लवकर ओळखण्यासाठी हेच तत्त्व होतं. घाटापलीकडची माणसं मराठीतच बोलतील तुझ्याशी. दोन दिवस जा, भाषण ऐकायला म्हणून जाऊ नकोस, त्यांची आठवड्याची बैठक कशी चालते ते मागे बसून बघ. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, ज्युनियरनं चूक दाखवली तर सीनियरचा चेहरा कसा होतो.

गुरूशी पहिल्याच महिन्यात एक कागद करून घे: निबंधावर कुणाचं नाव कितव्या जागी, आणि का. हे बोलायला लाज वाटते. मला वाटली होती.

पैशांचं थोडक्यात. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात त्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप २००८ पासून आहेत, त्यांत डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांसाठी वेगळी वाट आहे. पीएचडी नसलेली एम. एस. तिथे अर्ज करू शकते, पण यजमान संस्था आणि मार्गदर्शक लागतोच. आयसीएमआरची छोटी अनुदानं असतात. मेडिकल कॉलेजात नोकरी घेतलीस तर तरुण प्राध्यापकांना नोकरीतून पीएचडी करू देणारी त्यांची योजनाही आहे. आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा संशोधनाचा फुकट ऑनलाइन कोर्स, जो हल्ली पीजींना सक्तीचा आहे आणि ज्याचे व्हिडिओ सगळे मोबाइलवर चालू ठेवून वॉर्डात फिरतात, तो तू एकदा खरंच बसून ऐक. चांगला आहे.

वेळेकडे परत येते, कारण सगळं तिथे अडतं. तुला इथे ७५ टक्के कुणी देणार नाही. दोन दिवस माग. आठवड्याचे ठरलेले दोन दिवस, लेखी, ओपीडी-लेबर रूम-कॉल या तिन्हींतून मोकळे, एका वर्षासाठी, सहीनिशी. शनिवारची दुपार म्हणाले तर नम्रपणे नको म्हण. शनिवारी दुपारी एथिक्स कमिटीचा कारकून भेटत नाही, लॅब बंद, आणि तू आठवडाभराची दमलेली. दोनाच्या खाली उतरू नकोस. फुकट मागू नकोस, बदल्यात काहीतरी दे. 'लक्ष्य' या लेबर रूमच्या दर्जाच्या सरकारी योजनेतल्या तपासणीची कागदपत्रं, मातामृत्यूंच्या आढाव्याचे अहवाल, हे काम तुमच्याकडे कुणालाच नको असणार. ते उचल. तुझ्या साहेबांना वरिष्ठांपुढे दाखवायला दरमहा एक पान तयार मिळालं, की दोन दिवस त्यांना तेवढे महाग वाटणार नाहीत. तरीही ते नाहीच म्हणाले, तर नोकरी बदलून मेडिकल कॉलेज किंवा फेलोशिप ही वाट धर. पण आधी सहा महिने आकडे मोजून हातात काहीतरी घेऊन जा.

आणि हो, एथिक्स कमिटी. 'नुसतं रजिस्टर बघतेय' म्हणून ती टाळता येत नाही. संमतीपत्र कोंकणीत आणि मराठीत तर हवंच, बाहेरून कामाला आलेल्या बायकांसाठी हिंदी-कन्नडही. पुढे उपचारांची तुलना करायला लागलीस, तर पहिली रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा प्रयोगांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी.

नर्सिंग होमबद्दल स्पष्ट सांगते. दिरांकडे जायचं तर जा, त्यात कमीपणा नाही, मी तेच केलं. पैसा तिथे जास्त आहे, फेलोशिप त्याच्या जवळपासही जाणार नाही, तेव्हा घरचं कर्ज वगैरे असेल तर आधी नवऱ्याबरोबर कागद-पेन घेऊन बस. पण 'दिवसा नर्सिंग होम, उरलेल्या वेळात संशोधन' असा मधला मार्ग काढू नकोस. तो तुझ्या साहेबांच्याच वाक्याचा दुसरा अवतार आहे, फक्त रात्रीचे कॉल तुझ्या एकटीच्या नावावर.

हात जाईल ही भीती खोटी नाही. दुर्बिणीची ऑपरेशनं तर सहा महिने सोडली की जाणवतंच. म्हणूनच तिकडच्या कार्यक्रमातही पाव वेळ रुग्णांसाठी राखलेला असतो. तू आठवड्याची एक ओटी लिस्ट धरून ठेव, तीच, ठरलेल्या वारी. किरकोळ केसेस मिळाल्या तरी घे. आणि ओपीडी सोडू नकोस, तुझा प्रश्न तिथून आलाय. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी तपासायला बसूनच ते काम केलं होतं. दोन गावांतल्या ६५० बायका, ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ सालचा तो निबंध. स्त्रीरोगतज्ज्ञ स्वतः टेबलाशी होती म्हणूनच तो झाला, असं माझं मत आहे.

घरचं. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या आणि नवऱ्याच्या दोघांत ठरू दे. मी एवढंच म्हणेन की दुसऱ्या मुलाला संशोधनाची वर्षं अडचणीची असतात असं मला दिसलेलं नाही. रात्रीच्या कॉलपेक्षा ती सोपीच. पण घरी "मी अभ्यास करतेय" असं कधी म्हणू नकोस. अभ्यास म्हटलं की शाळेतून फोन येतो तेव्हा तूच मोकळी, गॅसवाला येतो तेव्हा तूच मोकळी, चतुर्थीच्या आधीचा आठवडा तर विचारूच नकोस. त्या दोन दिवसांना 'ड्युटी' म्हण. सकाळी नऊला घरातून बाहेर पड, इस्पितळाच्या ग्रंथालयात बस, पाचला ये.

सुरुवात कधी करायची म्हणशील, तर या सोमवारी. एक वही घे. रजिस्टर नको, छोटी, एप्रनच्या खिशात मावेल अशी, पावसाळा आहे तर प्लास्टिकच्या पिशवीत. ओपीडीत पांढरं जाण्याची तक्रार आली की एक ओळ, त्याच मिनिटाला. आणि निघता निघता दारात वळून सांगणारी पहिली बाई येईल, तिला परत खुर्चीत बसव, सासूला बाहेर थांबायला सांग, आणि ती बोलून होईपर्यंत किती मिनिटं लागली ते घड्याळात बघून लिहून ठेव. तो आकडा मला कळव.